‘आलो’ म्हणेपर्यंत

कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या चरकाला घुंगरं बांधली की आमच्याकडे दोन गोष्टी एकदम सुरू होतात, परीक्षा आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ. मांजरी गावाकडून उसाच्या मोळ्या भरलेला टेम्पो येतो, फुटपाथवर चिपाडांचा ढीग वाढू लागतो, आणि चर्चच्या भिंतीलगतचा कडुनिंब बारीक पांढऱ्या मोहोराने भरून जातो. यंदाही तसंच झालं. लायब्ररीतून घरी येताना घुंगरांचा आवाज कानावर पडला आणि मी रस्त्यातच उभी राहिले. मागून एक स्कूटरवाले काका म्हणाले, "रस प्यायचाय की रस्ता अडवायचाय?"

मी बाजूला झाले. मला रस प्यायचा नव्हता. मला फिलूआत्याची आठवण आली होती.

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करते आहे. मी इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काही लिहायला बसलं की मनात येतं, असं लिहितात का? हे लिहिण्यासारखं आहे का? आत्याला असले प्रश्न पडत नसत. ती चौथीपर्यंत शिकलेली. खारी आणि टोस्ट पुड्यांत भरायचं काम तिने एकाच बेकरीत आयुष्यभर केलं. लग्न केलं नाही. माझे बाबा गेल्यानंतर घरात आम्ही तिघीच उरलो, आई, आत्या आणि मी. संध्याकाळी आत्या दारातून आत आली की आधी भाजलेल्या मैद्याचा वास आत यायचा, मग ती.

"कॉलेजात सध्या काय चाललंय, एस्तू?" ती विचारायची.

"पेशवाई."

"मग आपल्या इनासबाबाचं आलं असेल."

"नाही आलं, आत्या."

"येईल. पुस्तक जाड आहे."

इनासबाबा म्हणजे आमचा मूळ पुरुष. आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टी त्याच्यापासून सुरू होतात. पण त्याच्याआधी मात्राक म्हणजे काय ते सांगायला हवं.

पवित्र आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी चर्चची घंटा एकदा भरपूर वाजते आणि मग गप्प होते. प्रभूच्या मरणाचा शोक म्हणून. शुक्रवार जातो, शनिवार जातो, आणि शनिवारी रात्री पुनरुत्थानाच्या जागराला ती पुन्हा वाजू लागते. मधल्या काळात लोकांना प्रार्थनेला बोलवायचं तर घंटा चालत नाही, लाकूड चालतं. हातभर लांबीची एक फळी, तिला धरायला मूठ, आणि फळीवर इकडून तिकडे आपटणारी लाकडी मोगरी. फळी हलवली की खाड् खाड् असा कोरडा आवाज होतो. हीच मात्राक. हा शब्द गोव्याकडून आला म्हणतात. पुण्यात तो कुणाला ठाऊक नाही. आमच्या गल्लीतले सोमणकाका तिला सरळ मात्रा म्हणत. "काय फिलूबाई, यंदा मात्रा उगाळून ठेवली का? आमची झोप बरी करायला?"

सोमणकाका बँकेतून निवृत्त झालेले, एकटे, पहिल्या मजल्यावर राहणारे. त्यांच्या खाली पास्कूमामा टेलर राहत. शुभ शुक्रवारी, उजाडायच्या आधी, क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला लोकांना उठवायला आत्या मात्राक घेऊन निघायची, आणि पास्कूमामांच्या दारात ती वाजली की वरून सोमणकाकांचा आवाज यायचाच. "अहो, आमचा परमेश्वर सहाला उठतो!"

"मग आमचा त्याला उठवेल," आत्या खालून म्हणायची.

दारं बरीच होती आणि वेळ फार लागायचा, कारण आमच्याकडे एक रीत होती. मात्राक वाजवून पुढे जायचं नाही. आतून उत्तर येईपर्यंत दारात थांबायचं. आतून कुणीतरी म्हणायचं, "आलो." बाई असेल तर "आले." मग पुढचं दार. कुणी झोपेत असेल, कुणी रुसून बसलं असेल, कुणाचं चर्चशी भांडण झालेलं असेल, तरी आत्या हलायची नाही. एकदा एक माणूस आतून ओरडला, "मी नाही येणार!" आत्या म्हणाली, "बरं. पण ऐकलंस ना? मग तसं म्हण." मग आतून चिडलेला आवाज, "ऐकलं. आलो." तो खरोखर आला, दाढी न करता.

लहानपणी मी तिच्यासोबत जायचे. पहाटेचा गारवा, दुधाच्या पिशव्यांचे क्रेट उतरवण्याचा आवाज, नळाला आलेलं पाणी, आणि बंद दारांमागून येणारे ते झोपाळलेले आवाज. आलो. आले. आलो. मला वाटायचं, जगात सगळीकडे शुक्रवारी असंच असतं.

आता इनासबाबा.

आत्या सांगायची, "तो पेशव्यांचा गोलंदाज होता." मी तिसरीत असताना हे शाळेत सगळ्यांना सांगितलं. एका मुलीने विचारलं, "फास्ट की स्पिन?" मी घरी येऊन आत्याला तेच विचारलं. ती इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. मला तोवर खरंच वाटत होतं, की शनिवारवाड्यापुढच्या मैदानावर आमचा इनासबाबा पांढरे कपडे घालून धावत येतो आणि पेशवे सज्जातून टाळ्या वाजवतात. मग तिने मला मांडीवर घेऊन सांगितलं, की गोलंदाज म्हणजे तोफेत गोळा भरून ती डागणारा.

"त्याला पेशव्यांनी पाचारण केलं. बोलावून घेतलं. तोफेचं काम गोव्याकडच्या माणसांना यायचं. म्हणून तो घाट चढून पुण्यात आला."

पाचारण हा शब्द मी पहिल्यांदा तिथे ऐकला. नंतर चर्चमध्ये फादरांच्या तोंडून ऐकला. देव प्रत्येकाला काही कामासाठी हाक मारतो, तिलाही पाचारणच म्हणतात. मग कितीतरी वर्षांनी तोच शब्द इतिहासाच्या वर्गात आला, दरबाराने अमक्याला पाचारण केले. मी वहीवर मान घालून हसले. माझ्यासाठी त्या शब्दात आधीपासून दोघं राहत होते, एक पेशवा आणि एक देव.

मी त्या काळाचं पुण्याचं चित्र मनात पुष्कळदा काढलं आहे. पेठा अजून वाढत होत्या. पूर्वेला, वस्ती संपते तिथे, तोफखान्यातल्या ख्रिस्ती लोकांची घरं होती, मातीच्या भिंतींची. त्यांनाच प्रार्थनेसाठी एक लहानशी जागा मिळालेली. वर गवताचं छप्पर, आत एक क्रूस. घंटा नाही. "घंटेचा धातू सगळा तोफेला जायचा," आत्या खात्रीने सांगायची, जणू काही तिने स्वतः विचारून घेतलं होतं. बैल तोफा ओढत नेत. मोहिमेवरून परत आलेले लोक नदीवर धूळ धूत, आणि जे परत येत नसत त्यांच्या बायका काठावर उभ्या राहून पाहत राहत.

अशाच एका मोहिमेत इनासबाबाची तोफ फुटली. गोळा बाहेर न जाता तोफच फाटली. त्याच्या हाताखालचे लोक गेले. तो जगला, पण कान गेले. दोन्ही. तोफेच्या गाड्याचं एक चाक मोडून पडलं होतं. त्यातला लाकडाचा एक तुकडा त्याने उचलला आणि परतीच्या वाटेवर उराशी धरून आणला. का आणला, हे आत्यालाही सांगता येत नसे. "माणूस हातात काहीतरी धरतोच की," ती म्हणायची.

बहिऱ्या गोलंदाजाचा तोफखान्याला काय उपयोग? त्याचं बोलावणं संपलं. तो घराच्या ओट्यावर बसून राही. बायको बोले, ते त्याला ऐकू येत नसे. पोरं मागून येऊन दगड टाकत, त्याला कळत नसे. मग पवित्र आठवडा आला. पहाटे प्रार्थनेला कुणी वेळेवर जमेना, कारण वेळ सांगायला काही नव्हतं. इनासबाबाला तशीही झोप नव्हती. त्याने त्या लाकडाची फळी तासली, मोगरी बसवली, आणि शुक्रवारी उजाडायच्या आधी दारोदार जाऊन वाजवू लागला.

मला सगळ्यात जास्त पुढचं आठवतं. त्याला स्वतःला तो आवाज ऐकू येत नव्हता. फक्त तळहाताला झटके बसत. आणि लोकांनी आतून "आलो" म्हटलेलंही ऐकू येत नव्हतं. म्हणून तो दारातच उभा राही, वाजवत राही, जोपर्यंत कुणी दिवा घेऊन उंबऱ्यात येत नाही तोपर्यंत. दिवा दिसला की मान हलवून पुढे. आजूबाजूचे लोक त्याला सुतारपक्षी म्हणू लागले. "आला बघा फिरंग्यांचा सुतारपक्षी!" त्याला ते ऐकू येत नव्हतं, हे एक बरं होतं.

"पेशव्यांनी बोलावलं म्हणून तो पुण्यात आला," आत्या शेवटी म्हणायची, "आणि देवाने बोलावलं म्हणून राहिला." तिचा आवाज तेव्हा जरा बदलायचा. कारण पुढचं ती सांगत नसे, ते मला आईकडून कळलं. मात्राक नेहमी मुलाकडे जायची. पण माझ्या बाबांना पहाटे उठवणं कुणालाच जमत नसे, म्हणून आजोबांनी चिडून ती एके वर्षी आत्याच्या हातात दिली. "यंदापुरती धर," म्हणाले. ते ‘यंदापुरती’ आत्याला आयुष्यभर पुरलं. गल्लीतली पोरं तिलाही सुतारपक्षी म्हणायची. तिला ऐकू यायचं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला घराण्याच्या इतिहासावर लिहायला सांगितलं होतं. मी धीर करून सरांना हे सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला.

"पुरावा काय?"

"मात्राक आहे, सर. तोफेच्या चाकाच्या लाकडाची."

"बाभळीची असेल. इतकी वर्षं, वर्षातून तीन दिवस आपटून, टिकली?"

वर्गात कुणीतरी खुसखुसलं. सर वाईट नव्हते. ते म्हणाले, "विषय गोड आहे. पण नुसतं गोड सांगायचं तर कीर्तन आहे की. इतिहासाला लाकूड तपासावं लागतं."

मी घरी येऊन मात्राक कपाटावरून काढली, उलटीसुलटी करून पाहू लागले. आत्या भाजी निवडत होती.

"काय शोधतेस?"

"यातलं इनासबाबाचं काय आहे?"

"फळी माझ्या आजोबांनी बदलली," ती सहज म्हणाली. "आधीची किड्यांनी खाल्ली होती. मोगरी माझ्या बापाने. मूठ तुझ्या बाबाने, एवढंच काम केलं त्याने. खिळे मी."

"म्हणजे काहीच नाही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता असं वाटलं. "आपण दारात थांबतो ना?" ती म्हणाली.

मी दुसऱ्या विषयावर लिहिलं. गुण बरे मिळाले.

त्यानंतर लगेचचा उन्हाळा, गेल्या वर्षीचा. उपवासकाळ सुरू झाला तेव्हाच आत्याला जिना चढताना दम लागू लागला होता. पाय सुजू लागले. मग इतके सुजले, की तिच्या चपला पायांत जाईनात. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. सोमणकाका बघायला आले, त्यांना आईने ते सांगितलं. ते खुर्चीत बसत म्हणाले, "त्यात नवीन काय? आधीपासूनच होतं. आता कागदावर आलं." आत्या हसली आणि तिला खोकला आला. काका घाबरून उभे राहिले.

पाय खाली सोडायचे नाहीत, असं तिला सांगितलं होतं. उशांवर उशा रचून ती खिडकीजवळच्या कॉटवर टेकून बसायची. माझी परीक्षा तोंडावर होती. मी तिच्या पायथ्याशी बसून वाचायचे. बाहेर घुंगरं वाजत. तिच्या चपला कॉटखाली होत्या. आई त्या आत ठेवायला गेली, तर आत्या म्हणाली, "राहू दे. डोळ्यांसमोर असल्या की बरं वाटतं."

पवित्र आठवडा सुरू होतो त्या झावळ्यांच्या रविवारी दुपारी चर्चच्या कमिटीतले रॉनीकाका आले. हातात आत्यासाठी आशीर्वाद दिलेली झावळी होती. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "फिलूताई, यंदा शुक्रवारची काळजी करू नका. ग्रुपवर वेळ टाकतो. सगळ्यांना एका क्षणात जातं."

"तुमचा ग्रुप ‘आलो’ म्हणतो का?"

"दोन निळ्या टिका येतात ना. वाचलं की कळतं."

"टिका येतात. माणूस येतो का?"

रॉनीकाका नम्रपणे हसले. "आणि तसंही, ताई, गल्लीत आता राहिलंय कोण? अर्धी मंडळी बिबवेवाडीला, वडगावला गेली. कुणाचं दार वाजवायचं?"

हे खरं होतं. ते चांगला माणूस म्हणून बोलत होते, आणि म्हणूनच त्यांच्यावर रागावता येईना. पास्कूमामाही मुलाकडे बिबवेवाडीला राहायला गेले होते. त्यांच्या दाराला कुलूप होतं. आधीच्या वर्षी आत्या त्या कुलपासमोर उभी राहिली होती, मात्राक वाजवली होती, थांबली होती, आणि मग स्वतःच जाड आवाज काढून म्हणाली होती, "आलो." मी हसले होते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

रॉनीकाका गेल्यावर ती पुष्कळ वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. झावळीची पाती बोटांनी विलग करत होती. मग म्हणाली, "एस्तू, त्याचं खरं असेल का गं? मी नुसतं लाकूड आपटत राहिले का?"

अशा प्रश्नाचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, "शुक्रवारी मी जाते."

"तुझा अभ्यास?"

"शुक्रवारी सुट्टी असते. पेपर सोमवारी आहे."

तिने झावळी उशाशी ठेवली. आणि मग जे म्हणाली ते मी विसरू शकत नाही. "मी ती कधी आतून ऐकलीच नाही. लहानपणी बापामागे फिरायचे, आणि त्याने दिल्यापासून ती माझ्याच हातात. लोक अंथरुणात पडून ऐकतात, तेव्हा कशी ऐकू येते ते मला ठाऊक नाही. आपल्याला कुणीतरी बोलवायला आलंय, असं वाटत असेल, नाही का?"

"वाटतं," मी म्हटलं. लहानपणी ताप आला होता तेव्हा मी एकदा घरात राहिले होते. लांबून आवाज जवळ जवळ येत जातो आणि मग आपल्याच दारात थांबतो.

"आपलं दार शेवटी घे," ती म्हणाली. "रीत तशीच आहे. आणि उत्तर आल्याशिवाय हलू नकोस."

गुरुवारी संध्याकाळी घंटा भरपूर वाजली. खिडकीतून ऐकताना तिने डोळे मिटले होते. मग घंटा थांबली.

शुक्रवारी पहाटे मी निघाले. मात्राक माझ्या अंदाजापेक्षा जड होती. पहिल्या दारात वाजवली तेव्हा आवाजाने मीच दचकले. आतून लगेच उत्तर आलं, "आले!" आणि मग दार किलकिलं करून त्या बाईंनी विचारलं, "फिलूताई कशा आहेत?" पुढच्या दारातही तेच. आलो, आणि फिलूताई कशा आहेत. जी घरं उरली होती ती सगळी जागी होती. ग्रुपवर वेळ आली होती, सगळ्यांनी वाचलीही होती, तरी ते अंथरुणात वाट पाहत होते, हे मला आवाजावरून कळलं. ते झोपेतले आवाज नव्हते.

पास्कूमामांच्या कुलपापाशी आले. वाजवली. थांबले. आत्यासारखा आवाज काढायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मी तशीच उभी. कुलूप पाहत.

वरची खिडकी उघडली. सोमणकाका. मी मनात म्हटलं, आता परमेश्वर सहाला उठणार.

"तो बिबवेवाडीला असतो," काका म्हणाले. "त्याच्या वतीने मी म्हणतो. आलो. जा आता, त्या वाट बघत असतील."

मी शेवटी आमच्या दारात आले. उजाडायला लागलं होतं. मात्राक वाजवली, मन लावून, आत्या वाजवायची तशी. थांबले.

आतून काही आलं नाही.

पुन्हा वाजवली. खिडकी उघडी होती, पडदा हलत होता. मी कान देऊन उभी राहिले. रीत मोडायची नव्हती. उत्तर आल्याशिवाय हलायचं नव्हतं. तळहात झिणझिणत होते. गल्लीतल्या घरांतून लोक बाहेर पडून चर्चकडे निघाले होते, माझ्याकडे पाहत होते. किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. मग आईने दार उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी फळी खाली केली.

"ती म्हणाली गं," आई म्हणाली. "तुला ऐकू नाही आलं?"

नाही आलं. मला ऐकू आलं नाही.

आईने सांगितलं ते असं. पहिल्या दाराच्या आवाजालाच आत्या जागी झाली होती, किंवा जागीच होती. आवाज जवळ येत गेला तशी ती उशांवरून उठून बसत गेली. आमच्या दारात मात्राक वाजली तेव्हा तिने पांघरूण बाजूला केलं आणि ते सुजलेले पाय खाली सोडले. आई म्हणाली, "अहो ताई, पाय खाली नको." तिने ऐकलं नाही. ती पायांनी कॉटखाली चाचपडत होती. चपला शोधत होती. एक चप्पल सापडली, ती तिने पायात घालायचा प्रयत्न केला. मग ती म्हणाली, "आले." तेवढंच. तिला दम इतका लागला होता, की तो आवाज खोलीच्या दारापर्यंतही गेला नसेल.

मी आत गेले तेव्हा ती कॉटच्या काठावर कलली होती, आईने तिला धरून ठेवलेलं होतं. एका पायाची बोटं चपलेत होती.

लोक म्हणाले, भाग्यवान. शुभ शुक्रवारी गेली, प्रभूच्याच दिवशी. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. तिला शनिवारची रात्र फार आवडायची. घंटा पुन्हा सुरू झाली, की ती मात्राक जुन्या फडक्यात गुंडाळायची आणि म्हणायची, "झालं, आता तुझं काम." ते ती घंटेला म्हणायची. त्या वर्षी तिला ते म्हणायला मिळालं नाही. एक दिवस कमी पडला. लोकांनी त्यात पुण्य पाहिलं, मला तो एक दिवसच दिसतो.

आणि त्या दोन दिवसांत घंटा वाजत नाही, ती कुणासाठीच नाही. मिस्साची उपासनाही होत नाही. शनिवारी सकाळी आम्ही तिला नेलं, तेव्हा चर्चच्या आवारात फक्त कडुनिंबाची फुलं पडत होती. फादरांनी प्रार्थना म्हटली. मग शांतता झाली. एरवी त्या वेळी घंटेचे संथ टोले पडतात, त्याची सगळ्यांच्या कानांना सवय. सगळे ज्याची वाट पाहत होते ते होत नव्हतं. आयुष्यभर तिने सगळ्यांना बोलावलं आणि तिला निरोप द्यायला आमच्याकडे आवाजच नव्हता.

सोमणकाका टोपी हातात घेऊन मागे उभे होते. ते रॉनीकाकांच्या कानाशी कुजबुजले, पण ते ऐकू आलंच, "घंटा नाही का हो वाजवत तुम्ही?"

"आज वाजत नाही, काका. शनिवार आहे."

काकांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "मग ती मात्रा वाजवा की."

सगळे माझ्याकडे वळले. मी ती आणली होती. का आणली, सांगता येत नाही. माणूस हातात काहीतरी धरतोच. मी वाजवली. उघड्यावर तो आवाज फार लहान वाटतो, कोरडा, एखाद्या पक्ष्याने खोडावर चोच मारावी तसा. पास्कूमामा बिबवेवाडीहून रिक्षा करून आले होते. त्यांनी रुमालाने तोंड झाकलं आणि त्या रुमालातून म्हणाले, "आलो." मग आणखी कुणी. मग आणखी. तिच्या पेटीभोवती उभे राहून लोक एकेक करून म्हणत होते, आलो, आले, आलो. रॉनीकाकाही म्हणाले. मी वाजवत राहिले, कारण थांबायचं कधी ते मला माहीत नव्हतं. उत्तर आलं की पुढे जायचं असतं, पण पुढे दार नव्हतं.

सोमवारी मी पेपर दिला. प्रश्न मराठ्यांच्या तोफखान्यावर होता. मी पुस्तकात होतं ते सगळं लिहिलं. तोफा कुठे ओतल्या जात, दारू कुठून येई, कोणाकोणाला पाचारण करण्यात आलं. एका बहिऱ्या माणसाबद्दल लिहिलं नाही. पुरावा नव्हता.

यंदा घुंगरं वाजू लागली तेव्हा मी कपाटावरून मात्राक खाली काढली. मूठ ढिली झाली आहे. ती बहुधा मला बदलावी लागेल, म्हणजे बाबांचंही त्यात काही उरणार नाही. मला देवाने बोलावलंय का, मला खरंच ठाऊक नाही. ज्यांना बोलावलेलं असतं त्यांना ते स्पष्ट ऐकू येत असावं, असं मी धरून चालले होते. पण इनासबाबाला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि आत्याने मला विचारलं होतं, मी नुसतं लाकूड आपटत राहिले का. तेव्हा त्या दोघांनाही नक्की कळलं नसावं. ते फक्त दारात थांबले.

परवा सोमणकाका गल्लीत भेटले. म्हणाले, "परीक्षा आहे म्हणे तुझी. शुक्रवारी येणार आहेस ना? नाही, म्हणजे मी गजर लावायचा की नाही, ते ठरवायला बरं."

"येणार आहे, काका."

"मग नाही लावत."

उद्या पहाटे निघायचं आहे. आई म्हणते, आपल्या दारात कशाला वाजवायची, मी तर जागीच असेन. मी तिला म्हटलं, वाजवणार. कॉट अजून खिडकीजवळच आहे, आणि कॉटखालच्या चपला आम्ही दोघींनीही हलवलेल्या नाहीत. आमचं दार शेवटचं असतं. तिथे मी रीतीप्रमाणे थांबणार आहे, उत्तर येईपर्यंत. ते मला ऐकू येईलच, असं नाही.